शून्य बाइटची लॉग फाइल: खानापूर तालुक्यातल्या एका दूध डेअरीतलं पायथन लॉगिंगचं प्रकरण

"अण्णा, काल मशीनवर सहा आठ बघितली मी, माझ्या डोळ्यांनी. पावतीवर सहा दोन कशी हो?"

"अक्का, मशीनची नोंद काढून बघतो. थांबा की जरा."

दूध तपासणाऱ्या टेस्टरने नोंद काढायला लॉग फाइल, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाची नोंद लिहीत जातो ती फाइल, उघडली, तर ती रिकामी होती. नाव बरोबर, जागा बरोबर, तारीख आजची आणि आकार शून्य बाइट. म्हशीच्या दुधाच्या फॅटमध्ये सहा दशांशाचा फरक म्हणजे दहा दिवसांच्या बिलात डोळ्यांना दिसेल एवढे पैसे. त्यामुळे ती फाइल रिकामी का, हा प्रश्न डेअरीत दूध घालणाऱ्या प्रत्येकाचा होता.

मांडणी साधी आहे. विंडोज ७ चा एक जुना संगणक, त्याला सीरियल केबलने जोडलेला वजनकाटा आणि फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) तपासणारं मशीन. प्रोग्राम पायथन ३.८.१० वर चालतो. त्यामागे कारण आहे: ३.९ पासून पायथन विंडोज ७ वर बसतच नाही आणि ३.८ मालिकेत विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर मिळणारी शेवटची आवृत्ती हीच. सभासदाला पावती मराठीत, वर जाणारा अहवाल कन्नडमध्ये. बेळगाव जिल्ह्यातल्या सीमाभागातल्या डेअरीत हे नेहमीचंच, आणि या प्रकरणात ते पुढे महत्त्वाचं ठरतं. प्रोग्राम टास्क शेड्युलरमधून, म्हणजे प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, 'पायथनडब्ल्यू' या पायथनच्या बिनखिडकीच्या रूपावर सुरू होतो, म्हणजे काळी खिडकी उघडत नाही आणि चुकून कुणी ती बंदही करत नाही.

खाली कोडमधली नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती आणि आकडे रोमनमध्येच करायचे. मुख्य फाइलची सुरुवात अशी होती:

इम्पोर्ट लॉगिंग
इम्पोर्ट काटा
इम्पोर्ट फॅट
लॉगिंग.बेसिककॉन्फिग(फाइलनेम=नोंद_फाइल, लेव्हल=लॉगिंग.इन्फो)

'लॉगिंग' हे नोंदी लिहिण्याचं पायथनचं मोड्यूल, 'काटा' आणि 'फॅट' या दोन यंत्रांसाठीच्या प्रोग्रामच्याच फाइली, आणि बेसिककॉन्फिग म्हणजे नोंद कुठे आणि कुठल्या पातळीपासून लिहायची ते ठरवणारी ओळ. वाचताना यात काहीच खटकत नाही. 'नोंद_फाइल'मध्ये ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता आहे, हेही योग्यच. टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन'चा रकाना रिकामा राहिला, तर नुसतं फाइलचं नाव दिलेली लॉग विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात शोधावी लागते. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर हाच कोड नीट चालत होता. डेअरीत मात्र एकही ओळ पडेना.

पहिली गाठ: जो आधी हात लावेल त्याचं

फरक 'काटा' या फाइलमध्ये होता. लॅपटॉपवर खरा काटा नसल्यामुळे तिथे त्याच नावाची नकली फाइल वापरली जायची. खऱ्या फाइलमध्ये, कुठल्याही फंक्शनच्या बाहेर, ही ओळ होती:

लॉगिंग.इन्फो("पोर्ट ओपन")

फंक्शनबाहेरची ओळ इम्पोर्ट होतानाच चालते, म्हणजे बेसिककॉन्फिगच्या आधी. आणि 'लॉगिंग.इन्फो', 'लॉगिंग.वॉर्निंग' ही थेट मोड्यूलवर बोलावलेली फंक्शनं एक काम न सांगता करतात. लॉगर निरोप घेतो, हँडलर तो फाइलीत किंवा पडद्यावर लिहितो, आणि रूट हा सगळ्या लॉगरांच्या वरचा लॉगर. रूट लॉगरवर एकही हँडलर नसेल, तर ती आधी स्वतःच रिकामं बेसिककॉन्फिग बोलावतात. त्यातून रूटला स्टँडर्ड एररकडे, म्हणजे प्रोग्रामच्या चुका छापण्याच्या जागेकडे, लिहिणारा एक हँडलर चिकटतो. रूटची पातळी मात्र मूळची, वॉर्निंग म्हणजे ३०, तशीच राहते; तिच्याखालचे निरोप लिहिले जात नाहीत. इन्फोची पातळी २०, त्यामुळे "पोर्ट ओपन" हा निरोपही कुठे दिसत नाही. मागे राहतो तो फक्त हँडलर.

त्यानंतर मुख्य फाइलमधलं खरं बेसिककॉन्फिग चालतं. त्याचा नियम असा: रूटवर आधीच हँडलर असेल तर काहीही करायचं नाही. एरर नाही, इशारा नाही, परतीचं मूल्य नाही. फाइलचं नाव तर दुर्लक्षित होतंच, सोबत दिलेली पातळीही लागू होत नाही. बऱ्याच जणांचा समज असतो की फाइल नाही तर नाही, निदान लेव्हल तरी बसली असेल. तीही बसत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक झटपट चाचणी आहे. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीतही चालतात, म्हणून बेसिककॉन्फिगला मुद्दाम भलतंच काहीतरी द्यायचं:

लॉगिंग.बेसिककॉन्फिग(दूध=५)

रूट रिकामा असेल तर लगेच व्हॅल्यूएरर येतो: 'दूध' नावाचा आर्ग्युमेंट ओळखीचा नाही. रूटवर आधीच हँडलर असेल तर पायथन गप्प बसतो, कारण आर्ग्युमेंट तपासण्याचं कामही त्याच अटीच्या आत आहे. डेअरीच्या संगणकावर 'दूध=५' बिनबोभाट पचलं. आपली ओळ चालतच नाही, याचा याहून सोपा पुरावा नाही.

नक्की कोणी हात लावला हे शोधायला प्रत्येक इम्पोर्टनंतर 'प्रिंट(लॉगिंग.रूट.हँडलर्स)' टाकायचं. 'इम्पोर्ट काटा'च्या आधी रिकामी यादी, नंतर यादीत एक स्ट्रीमहँडलर. दोन मिनिटांचं काम. ही तपासणी साध्या पायथनवरच करा. पायथनडब्ल्यूमध्ये प्रिंटला लिहायला जागाच नसते.

मग शून्य बाइटची का होईना, फाइल आली कुठून? ती 'फॅट'मधल्या वेगळ्या हँडलरने बनवली होती. फाइलहँडलर तयार होतानाच फाइल उघडतो, निरोप येण्याची वाट बघत नाही. म्हणून फाइल जन्माला येत होती, पण फॅट लॉगरची स्वतःची पातळी ठरवलेली नसल्यामुळे तो रूटची पातळी घेत होता, म्हणजे वॉर्निंग, आणि इन्फोच्या ओळी दारातच अडत होत्या. पहिले काही दिवस याच फाइलने दिशाभूल केली. फाइल बनतेय म्हणजे सेटिंग लागू झालंय, असंच कुणीही धरून चालेल. डिस्कच्या परवानग्या, अँटिव्हायरस, सगळं तपासून झालं होतं.

फोर्स लावल्यावर ओळींचा पूर

पायथन ३.८ पासून बेसिककॉन्फिगला 'फोर्स=ट्रू' देता येतं. त्याने रूटवरचे जुने हँडलर बंद करून काढले जातात आणि नवं सेटिंग बसतं. ते दिल्यावर फाइल भरू लागली, पण फॅटच्या एका तपासणीच्या दोन ओळी पडायला लागल्या. संध्याकाळी तीन, दुसऱ्या दिवशी सकाळी चार. फॅटच्या फाइलमध्ये वरच 'लॉगर = लॉगिंग.गेटलॉगर("फॅट")' होतं, आणि संकलन सुरू होताना दर वेळी चालणाऱ्या फंक्शनमध्ये:

लॉगर.ॲडहँडलर(लॉगिंग.फाइलहँडलर(नोंद_फाइल))

एका नावाचा लॉगर प्रोग्राममध्ये एकच असतो. गेटलॉगर नवा लॉगर देत नाही, तोच परत देतो. त्यामुळे प्रत्येक सत्राला त्याच लॉगरवर आणखी एक हँडलर चढत गेला. शिवाय प्रत्येक निरोप वर रूटकडेही जातो, तिथला हँडलर तो पुन्हा लिहितो. म्हणून पहिल्या सत्रात दोन ओळी, सहाव्या सत्रात सात. सातच्या पुढे आकडा जात नव्हता, कारण टास्क शेड्युलर मूळ सेटिंगप्रमाणे तीन दिवसांनी काम थांबवतो. कुणीतरी प्रोग्राम हाताने पुन्हा सुरू करायचं आणि मोजणी परत दोनवर यायची. हा आकडा लहरी वाटत होता. तीन दिवस, रोज दोन सत्रं, अधिक रूटची एक ओळ, एवढाच हिशेब होता. 'फोर्स'ने यात फरक पडत नाही. तो फक्त रूटचे हँडलर काढतो, फॅटवर चढलेले तसेच राहतात.

इथे एक चूक हमखास होते: दुप्पट ओळी दिसल्या की 'प्रोपगेट=फॉल्स' लावून मोकळं व्हायचं. त्याने रूटची ओळ तेवढी थांबते, सत्रागणिक चढणारे हँडलर चढतच राहतात. इलाज एकच, फॅटमधली ॲडहँडलरची ओळ काढून टाकणं. हँडलर कुठे लावायचा हे फक्त मुख्य फाइलने ठरवावं. बाकीच्या फाइलींनी गेटलॉगर करावं आणि निरोप द्यावा. काट्यातली 'लॉगिंग.इन्फो'ही त्याच वेळी 'लॉगर.इन्फो' केली. लॉगरच्या स्वतःच्या पद्धती बेसिककॉन्फिग बोलावत नाहीत, त्यामुळे पहिली गाठ मुळातूनच सुटली आणि 'फोर्स'ची गरज उरली नाही. 'फोर्स' लावून थांबणं आम्हाला पटत नाही. दुसऱ्या एखाद्या फाइलने उद्या तोच घोळ केला, तर तो तसाच झाकून राहील.

डिक्टकॉन्फिग आणि अचानक मुका झालेला फॅट

बेसिककॉन्फिगचा आयता साचा पातळी, नाव आणि मजकूर एवढंच लिहितो. वेळ लिहीत नाही. दुधाच्या तक्रारीत वेळ नसेल तर नोंदीचा काहीच उपयोग नाही. वेळ हवी, फाइल ठरावीक आकारानंतर पालटायला हवी, म्हणून सेटिंग डिक्टकॉन्फिगमध्ये, म्हणजे लॉगिंगचं सगळं सेटिंग एकाच डिक्शनरीत देण्याच्या सोयीत, नेलं. त्या संध्याकाळपासून फॅटची एकही ओळ नाही. मुख्य फाइलच्या ओळी येतात, पावतीच्या येतात, फॅट मुका.

कारण डिक्टकॉन्फिगमधली 'डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स' ही किल्ली. ती लिहिली नाही तर तिचं मूल्य ट्रू धरलं जातं. डिक्टकॉन्फिग चालण्याआधी तयार झालेले आणि त्या सेटिंगमध्ये नावाने न आलेले लॉगर बंद केले जातात. नावाने आलेल्यांची पोटलॉगरं तेवढी वाचतात. रूटचं सेटिंग दिलंय म्हणून सगळे वाचतील असं होत नाही. फॅटचा लॉगर इम्पोर्टच्या वेळीच तयार झालेला, म्हणून तो बंद. पावतीचा लॉगर फंक्शनच्या आत, नंतर तयार होणारा, म्हणून तो सुरू. म्हणजे ज्या फाइलने रीतीप्रमाणे वरच लॉगर घेतला, तिलाच फटका बसला.

तपासायला 'लॉगिंग.गेटलॉगर("फॅट").डिसेबल्ड' छापून बघा. ट्रू आलं की दुसरीकडे शोधायचं कारण नाही. सेटिंगमध्ये 'व्हर्जन: १'च्या शेजारीच 'डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स: फॉल्स' लिहायची सवय ठेवावी.

गायब होतात त्या फक्त नावांच्या ओळी

आता फाइलमध्ये फॅटचे आकडे येत होते, वेळेसकट, मिलिसेकंदांपर्यंत. तरी तक्रार तपासता येईना, कारण कुठली फॅट कुणाची तेच कळत नव्हतं. टेस्टर सभासद क्रमांक टाकतो तेव्हा प्रोग्राम क्रमांक आणि नाव लिहितो. ती ओळच नव्हती. नीट बघितल्यावर लक्षात आलं, की पाच-सहा सभासदांच्या ओळी येतात. त्यांची नावं यादीत रोमन लिपीत भरलेली होती. नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये असेल तर अख्खी ओळ गायब. प्रोग्रामचे बाकीचे निरोप रोमनमध्ये असल्यामुळे इतके दिवस हे कुणाच्या नजरेत आलं नाही.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कुठल्या तक्त्याने लिहायची ते, सांगितलं नाही तर पायथन ३.८ फाइल उघडताना विंडोजचं चालू कोडपेज, म्हणजे विंडोजचा अक्षरांचा तक्ता, घेतो. इंग्रजी सेटिंगच्या संगणकावर ते १२५२. त्यात जेमतेम २५६ जागा, पश्चिम युरोपच्या अक्षरांसाठी. देवनागरीचे युनिकोड क्रमांक २३०४ ते २४३१, कन्नडचे ३२०० ते ३३२७. एकाही अक्षराला तिथे जागा नाही, म्हणून लिहिताना युनिकोडएन्कोडएरर येतो. आधी पूर्ण ओळ एन्कोड होते आणि मगच फाइलकडे जाते, त्यामुळे अर्धी ओळसुद्धा पडत नाही.

आणि हा एरर दिसतही नाही. लॉगिंगमध्ये बिघाड झाला म्हणून मूळ प्रोग्राम बंद पडू नये, हे तत्त्व लॉगिंग मोड्यूलमध्ये पाळलेलं आहे. विनय साजिप यांनी लिहिलेलं हे मोड्यूल २००३ मध्ये पायथन २.३ सोबत आलं. लिहिताना अपवाद आला तर हँडलर तो पकडतो आणि स्टँडर्ड एररवर 'लॉगिंग एरर' अशा मथळ्याखाली माग छापून पुढे जातो. तत्त्व चांगलंच आहे. पावती छापणं थांबवून लॉगसाठी अडून बसणारा प्रोग्राम कुणालाच नको. पण पायथनडब्ल्यूमध्ये स्टँडर्ड एरर नसतोच, त्याचं मूल्य 'नन' असतं. ते 'नन' असेल तर हँडलर काहीच छापत नाही. ओळ गेली, गेल्याची खबरही गेली. साध्या पायथनवर प्रोग्राम चालवल्याबरोबर पडदा 'चारमॅप'च्या एररने भरून गेला.

लॅपटॉपवर हे दिसलं नव्हतं, कारण तिथे लिनक्स होतं आणि लिनक्सवर नेहमीचं एन्कोडिंग यूटीएफ-८ असतं, ज्यात सगळ्या लिपी मावतात.

इलाज: डिक्टकॉन्फिगमध्ये फाइल हँडलरला 'एन्कोडिंग: यूटीएफ-८' द्यायचं. बेसिककॉन्फिगला एन्कोडिंग थेट देण्याची सोय ३.९ पासूनची आहे. ३.८ वर दिलं तर व्हॅल्यूएरर येतो, आणि रूटवर आधीच हँडलर असेल तर तोही येत नाही; 'दूध=५'सारखंच ते पचून जातं. तिथे 'हँडलर्स'मध्ये एन्कोडिंग दिलेला फाइलहँडलर टाकावा लागतो.

दुसरी गोष्ट, स्टँडर्ड एररला घर देणं. मुख्य फाइलच्या अगदी वर, बाकीच्या इम्पोर्टच्या आधी, 'सिस.एसटीडीएरर' जर 'नन' असेल तर त्याला यूटीएफ-८ मध्ये, शेवटी भर घालत लिहिण्यासाठी उघडलेली, ओळीगणिक लिहिणारी वेगळी फाइल द्यायची. तिचं नाव लॉगपेक्षा वेगळं ठेवा. हे केल्यावर त्याच दिवशी आणखी एक लपलेली चूक वर आली: 'लॉगर.इन्फो("वजन", किलो)'. मजकुरात '%एस'ची जागाच नाही आणि वर एक मूल्य दिलेलं, म्हणून ही ओळही लिहिताना फसत होती आणि गप्प गिळली जात होती.

फाइल पालटण्यासाठी रोटेटिंगफाइलहँडलर घेतला: मॅक्सबाइट्स ५०,००,००० आणि बॅकअपकाउंट १०. बॅकअपकाउंट दिला नाही तर तो शून्य धरला जातो आणि मग फाइल कधीच पालटत नाही, फुगत राहते. विंडोजवर पालटताना फाइलचं नाव बदलावं लागतं, आणि दुसऱ्या कुणी ती उघडी धरली असेल तर एरर ३२ येतो. त्यासाठी प्रोग्रामची दुसरी प्रत चालू असावी लागते असंही नाही. फॅटमधला तो जादा फाइलहँडलर राहिला असता तरी पुरलं असतं. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात लाइट जाते-येते, त्याचाही विचार हवा. हँडलर प्रत्येक ओळीनंतर फ्लश करतो, पण ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवण्यापुरतंच. डिस्कवर उमटण्याआधी वीज गेली तर शेवटच्या काही ओळी जाऊ शकतात. संगणकाला यूपीएस हवाच.

सहा आठची सहा दोन कशी झाली

सगळं लागू केल्यावर चाचणीला तीन बनावट सभासद घातले: एक मराठी नावाचा, एक कन्नड नावाचा, एक रोमन. तिघांच्या ओळी एकेकदाच पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या संकलनात हे दिसलं:

०६:१२:०३,४१७ सभासद ११८
०६:१२:०३,४२१ फॅट ६.२ एसएनएफ ९.०

दोन ओळींत चार मिलिसेकंदांचं अंतर. मशीनला एक नमुना तपासायला पाऊण मिनिट तरी लागतं. म्हणजे हा आकडा ११८ च्या दुधाचा नव्हता. क्रमांक टाकण्याच्या आधीपासून तो सीरियल पोर्टच्या बफरमध्ये, म्हणजे मशीनकडून आलेले आकडे वाचेपर्यंत साठतात तिथे, पडून होता. मागे गेल्यावर उगम सापडला. ११७ चा नमुना टेस्टरने खात्रीसाठी दोनदा लावला होता. मशीनने दोन आकडे पाठवले, प्रोग्रामने एक उचलला, दुसरा तिथेच राहिला आणि पुढच्याच्या नावावर पडला. त्यानंतर अख्ख्या सत्रात प्रत्येकाच्या पावतीवर आपल्या आधीच्याची फॅट. अक्कांची सहा आठ रांगेतल्या त्यांच्या मागच्या माणसाला मिळाली असणार. ज्याला जास्त मिळाली तो बोलायला येत नाही, म्हणून तक्रारी नेहमी अर्ध्याच बाजूच्या येत होत्या.

दुरुस्ती एका ओळीची होती: सभासद क्रमांक टाकल्याबरोबर, वाचन सुरू करण्याआधी, सीरियल पोर्ट वाचणाऱ्या पायसीरियल लायब्ररीचं, बफर रिकामं करणारं 'रिसेट_इनपुट_बफर' बोलावणं. तेही झाकून ठेवायचं नाही, म्हणून त्याच्या आधी 'इन_वेटिंग'चा, म्हणजे बफरमध्ये किती बाइट पडून आहेत तो, आकडा बघून तो शून्यापेक्षा जास्त असेल तर वॉर्निंग लिहायची. आता कुणी नमुना दोनदा लावला की लॉगमध्ये तसं लिहून येतं आणि पुढच्याची पावती बरोबर निघते.

मागच्या दिवसांच्या पावत्या मात्र लॉगवरून तपासता आल्या नाहीत, त्या दिवसांची लॉग नव्हतीच. टेस्टरने मशीनच्या पडद्यावर बघून लिहिलेली कागदी वही होती. तिच्यात ज्या सत्रांची फॅट पावत्यांपेक्षा एका माणसाने सरकलेली सापडली, त्या सत्रांचं बिल सचिवांनी वहीवरून नव्याने काढलं.